न मागता मिळालेली सूट

"बाबा, खेळाचा नवीन भाग येतोय," आमू म्हणाली. "आम्ही सगळ्या मैत्रिणी आता तिकडेच जाणार. पण तुझ्या कॉम्प्युटरवर तो बहुतेक नाही चालणार."

"बघतो," इल्पो म्हणाला.

"नाही, म्हणजे... नाही चालला तरी काही नाही."

"बघतो म्हटलं ना."

आणि इल्पो केम्पाइनेन बघायला लागला. खरं तर खेळाबिळाचा शौकीन असा हा माणूसच नव्हे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, काम हिएटावारा गावच्या वाचनालयाची फिरती बस चालवायचं. आठवडाभर जंगलातल्या रस्त्यांनी हिंडायचं, म्हाताऱ्यांच्या फाटकाशी पुस्तकं पोचवायची आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीतून तळ्याकडे बघत बसायचं. घटस्फोटानंतर त्याची बायको मेर्या मुलीला घेऊन औलू शहरात गेली. भांडण नाही, तंटा नाही. आमच्याकडे लोक भांडतही नाहीत. तोंडात मिठाची गुळणी धरून वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसतात आणि मग एक दिवस त्यातलं एक जण सामान बांधतं.

आमू तेव्हा दहा वर्षांची होती. सुरुवातीला तो तिला रोज फोन करायचा. "कशी आहेस?" "बरी." "शाळा?" "बरीय." मग दोघंही दुसऱ्याचा श्वास ऐकत राहायचे, आणि फोन ठेवताना इल्पोला हायसं वाटायचं, ही त्यातली सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट. हा खेळ आमूनेच त्याला शिकवला. त्यात एक बेट होतं. दर रविवारी संध्याकाळी ती औलूहून आणि तो हिएटावाराहून, असे दोघं त्या बेटावर जायचे, मेंढ्या पाळायचे, धक्का बांधायचे, होडी दुरुस्त करायचे. आणि नवल असं, की हात दगड रचण्यात गुंतले की पोरीची जीभ सैल व्हायची. गणिताची बाई कशी नाकात बोलते, दातांची तार कशी टोचते, आई एकदा न्हाणीघरात दार लावून कशी रडत होती, हे सगळं इल्पोला त्या बेटावर कळलं. मुलीच्या आयुष्यात शिरायला त्याच्याकडे तेवढं एकच दार होतं, आणि आता ते बंद होऊ घातलं होतं. म्हणून त्याला खेळाची चित्रं पडद्यावर उमटवणारं नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं.

त्याचं जुनं कार्ड नव्या भागासाठी कुचकामी होतं. चांगलं नवीन घ्यायचं म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा महाग, नाकापेक्षा मोती जड. बसच्या फेऱ्या कमी झाल्यापासून पगारही कमी झाला होता. बर्फावर गाडी घसरू नये म्हणून लागणाऱ्या खिळ्यांच्या टायरांसाठी दोनशे युरो बाजूला ठेवले होते. जुन्या टायरांचे खिळे झिजून नुसते नावाला उरले होते, पण ते आणखी एक हिवाळा काढतील, असं त्याने स्वतःला पटवलं.

आता दोनशेत काय येतं? इंटरनेटवर या विषयावर वाद घालणाऱ्या लोकांचा एक आखाडाच आहे. इल्पोने तिथे साधा प्रश्न टाकला, आणि पाच शहाण्यांकडून सहा उत्तरं आली. एक म्हणे नवीनच घे, हमी मिळते, पण कमी मेमरीचं. दुसरा म्हणे कमी मेमरीचं घेणं म्हणजे पैसे तळ्यात फेकणं, नवा खेळ आधी मेमरीच खातो. तिसरा म्हणे जुन्या पिढीतलं सगळ्यात दांडगं कार्ड वापरलेलं घे, अजून रेड्यासारखं काम करतं. त्यावर चौथ्याने तिसऱ्याची अक्कल काढली, की ते कार्ड वीज इतकी ओढतं की या माणसाचा पॉवर सप्लाय जळेल. पाचवा म्हणाला, दोनशेत काहीच घेऊ नकोस, वर्षभर थांब.

वर्षभर थांबला असता, तर आमू चौदाची झाली असती. चौदाव्या वर्षाची मुलगी बापासाठी थांबते का?

इल्पोने कॉम्प्युटरची पेटी उघडली, टॉर्च तोंडात धरून पॉवर सप्लायवरचं बारीक अक्षर वाचलं. कार्डाला वीज द्यायला एकच वायर मोकळी होती, तेव्हा रेडा बाद झाला. मग त्याने सुताराची पट्टी घालून आतली जागा मोजली. तीन पंख्यांचं लांब कार्ड बसणार नव्हतं, तेही बाद. दुकानातलं नवीन कार्ड त्याने दोनदा निवडलं आणि दोनदा सोडलं, कारण नव्या भागाला लागते त्यापेक्षा त्याची मेमरी नेमकी थोडी कमी होती. दुधाची तहान ताकावर भागवायची, तर निदान ताक तरी हवं.

बसमध्ये त्याच्याबरोबर ग्रंथपाल सिनिक्का असायची. पुस्तकांवर शिक्के मारता मारता ती हा सगळा तमाशा बघत होती.

"इल्पो, बायको निवडायला तरी एवढा वेळ लावला होतास का?"

"नव्हता लावला. म्हणून तर."

सिनिक्का हसली. फाटकाशी उभ्या असलेल्या आजीबाईंना दोन गुन्हेकथा देऊन ती परत आली, तेव्हा इल्पोने फोन तिच्यापुढे धरला. लेहतोलांपी गावातल्या कोणा कौको म्यात्ताने वापरलेलं कार्ड विकायला काढलं होतं. दोनच पंखे, एकच वायर, पुरेशी मेमरी. किंमत एकशे ऐंशी.

"हे," इल्पो म्हणाला.

"घे मग. पण चालतं का, ते आधी विचार त्याला."

"चालत नसेल तर विकायला कशाला काढेल?"

"विचारायला काय जातं?"

"असं कसं विचारायचं माणसाला? त्याच्या घरात बसून?"

"तोंडाने," सिनिक्का म्हणाली, आणि तिने पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला.

तिचं माहेर दक्षिणेतलं. तिकडे लोक काहीही विचारतात. इकडे कोणी एखादी वस्तू विकायला काढली आणि तुम्ही ती तपासायला मागितली, तर तुम्ही त्याला लबाड म्हणालात असा अर्थ होतो. भाव पाडून मागणं तर त्याहून वाईट. पैसे द्यावेत, वस्तू घ्यावी, गाडीच्या दाराशी उभं राहून हवामानाबद्दल एक वाक्य बोलावं आणि निघावं. या रीतीत कधी कोणी बुडत नाही, असं आम्ही अभिमानाने सांगतो. बुडालेला सांगत नाही, हा भाग वेगळा.

शनिवारी सकाळी इल्पो निघाला. रस्त्यावर बर्फ घट्ट बसला होता. लेहतोलांपीच्या वळणावर गाडी एकदा आडवी झाली, कडेच्या ढिगाला घासली आणि आपोआप सरळ आली. इल्पोने घाम पुसला आणि हे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

कौको म्यात्ता निघाला सत्तरीचा. आयुष्यभर लाकडांचा ट्रक चालवला, आणि निवृत्त झाल्यावर काय करायचं सुचेना म्हणून कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला लागला. हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि त्याच्या मानाने ते भाषणच झालं. कार्ड टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवलं होतं. शेजारी कॉफीचे दोन कप आणि वेलदोडा घातलेला पुल्ला, म्हणजे गोड पाव, कापून ठेवलेला.

"बस," कौको म्हणाला.

इल्पो बसला. कौकोने कॉफी ओतली. दोघांनी कार्डाकडे बघितलं.

"हेच ते," कौको म्हणाला.

"हं," इल्पो म्हणाला.

कॉफी संपली. कौकोने न विचारता दुसरा कप भरला. खिडकीबाहेर एक नीळकंठासारखा पक्षी पाखरांसाठी टांगलेल्या चरबीच्या गोळ्याला लोंबकळत होता, त्याच्याकडेही दोघांनी बघून घेतलं. इल्पोच्या जिभेवर सिनिक्काचा प्रश्न येऊन बसला होता. चालतं का? दोन शब्द. पण समोरचा माणूस वयाने मोठा, त्याचा पुल्ला खाल्लेला, आणि फडकं इतकं स्वच्छ. त्याने शब्द कॉफीबरोबर गिळले.

"मुलीसाठी घेतोय," त्याने त्याऐवजी सांगितलं. "म्हणजे माझ्यासाठीच. तिच्याबरोबर खेळायला. ती औलूला असते."

कौकोने पुल्ल्याचा चुरा बोटाने गोळा केला.

"मुलीसाठी," तो म्हणाला.

इल्पोने पैसे टेबलावर ठेवले. कौकोने ते उचलले आणि त्यातले तीस युरो परत सरकवले.

"दीडशे पुरे."

"अहो, नको. तुम्ही एकशे ऐंशी लिहिलं होतंत."

"दीडशे," कौको म्हणाला आणि उठून दाराकडे गेला.

परतीच्या वाटेवर इल्पोला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. मुलीचं नाव काढल्याबरोबर म्हाताऱ्याने न मागता पैसे सोडले! जगात चांगली माणसं आहेत, फक्त ती बोलत नाहीत, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला. गाडीत ऐकायला कोणी नव्हतं म्हणून.

कार्ड मात्र आत बसेना. पट्टीने मोजताना त्याने डिस्क अडकवायचा लोखंडी पिंजरा हिशेबात धरलाच नव्हता. इल्पोने लोखंड कापायची करवत आणली, पिंजऱ्याचा अर्धा भाग कापून टाकला, कीस व्हॅक्यूमने ओढला. दुपार त्यातच गेली. मग पडद्यावर चित्र आलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. रविवारी सकाळी त्याने नवा भाग उतरवून घेतला आणि उघडणाऱ्या पडद्यापर्यंत चालवून बघितला. दाढी केली. वेबकॅमवर ती कधी त्याला बघत नसे, तरी केली.

सहा वाजता तो नव्या बेटावर उतरला. खरंच देखणं होतं ते. गवताच्या पात्यापात्याची सावली वेगळी पडत होती, आणि पाण्याखाली मासे दिसत होते. दूर किनाऱ्यावर चारपाच मुली शेकोटीभोवती नाचत होत्या, त्यांचं हसणं त्याच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये खळखळत होतं. त्यातली लाल टोपीवाली आमू.

"हा कोण आला?" कोणीतरी विचारलं.

हसणं थांबलं.

"बाबा?" आमू म्हणाली. "तू आलास?"

"आलो," इल्पो म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज जरा फाटलाच.

"चाललं तुझ्याकडे?"

"मस्त चाललंय."

"हं," आमू म्हणाली.

बाकीच्या मुली एकदम चिडीचूप झाल्या. पोरींना वळण चांगलं आहे, मोठ्या माणसासमोर गोंधळ घालत नाहीत, असं इल्पोला वाटलं. धक्क्यासाठी दगड कुठे मिळतील, त्याने विचारलं. टेकडीमागे, आमू म्हणाली. तो टेकडीमागे गेला. एकेक दगड आणून किनाऱ्यावर रचायला लागला, आणि हात गुंतले की पोरीची जीभ सैल होईल म्हणून वाट बघत राहिला. "शाळा कशी आहे?" त्याने विचारलं. "बरीय," आमू म्हणाली. मैत्रिणींसमोर कशी बोलेल, त्याने स्वतःला समजावलं. पेटीतले पंखे आता जोरात घुमायला लागले होते.

मग पडदा काळा झाला.

त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. बेट आलं, दगड आले, त्याने चार पावलं टाकली, पुन्हा काळोख. वायर काढून घातली. पेटीचं झाकण उघडून त्यासमोर घरातला टेबलपंखा लावला. काळोख. खेळातल्या चित्रांचे बारकावे कमी करून चालवून बघितलं, तर यावेळी बेटावर पोचायच्या आतच काळोख. कार्डाला बोट लावलं, ते तव्यासारखं तापलं होतं. फोनवर आमूचा निरोप आला, "गेलास का?" आणि पाठोपाठ अंगठा वर केलेलं एक चित्र.

इल्पोने कौको म्यात्ताला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच तो विकणाऱ्याला असा फोन करत होता, आणि वाक्य कसं सुरू करायचं तेच त्याला माहीत नव्हतं. त्याची गरजही पडली नाही.

"काळा झाला?" कौकोने विचारलं.

"हो."

"पाव तासात?"

"साधारण."

"माझ्याकडे जरा जास्त टिकायचा. माझी खोली थंड असते."

पलीकडे म्हातारा खाकरला.

"तुम्ही सांगितलं नाहीत," इल्पो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस." कौकोच्या आवाजात चढेलपणा नव्हता, उलट तो कावराबावरा झाला होता. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. खोटं मी कधी बोललो नाही बाबा. पहिला कप झाला तरी विचारेना, म्हणून दुसरा भरला. म्हटलं आता विचारेल. मग वाटलं, याने ओळखलं असेल, दुरुस्त करून घेणार असेल. तू मुलीचं बोललास तेव्हा मला कसंतरी झालं. म्हणून तीस कमी केले."

"मला वाटलं, तुम्ही चांगुलपणा केलात."

"तो कसला चांगुलपणा," कौको म्हणाला. "घेऊन ये परत. पैसे पाकिटात तसेच ठेवलेत. मला माहीत होतं, तू फोन करशील."

राग यायला हवा होता. पण इल्पोला म्हाताऱ्यावर रागावता येईना. दीडशे युरोंसाठी नव्हे, तर दोन शब्द विचारायची लाज वाटली म्हणून रविवार गेला होता, आणि त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीच लाज बसली होती. कौको तिथे वाट बघत होता, की हा विचारेल. आणखी कोण कोण कुठे कुठे वाट बघत बसलं असेल, की इल्पो विचारेल? मेर्याने किती कप भरले असतील?

आणि आमू. "मस्त चाललंय" म्हटल्यावर तिने "हं" केलं होतं. ते "हं" इल्पोला आता पुन्हा ऐकू आलं. त्या "हं"मध्ये आनंद नव्हता. ते त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याने कळू दिलं नव्हतं.

त्याने मुलीला फोन लावला. तिने लगेच उचलला. मागे हेडफोनमधल्या मैत्रिणींची बारीक चिवचिव चालू होती.

"आमू, एक विचारू?"

"काय?"

"तुला माझ्याबरोबर खेळायला आवडतं का गं अजून?"

चिवचिव बंद झाली. तिने हेडफोन काढून ठेवला असावा.

"असं का विचारतोयस?"

"कधी विचारलंच नाही म्हणून."

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"तुला वाईट वाटेल."

"वाटू दे."

आमूने श्वास घेतला. मग तेरा वर्षांच्या मुली जसं एकदम बोलून टाकतात, तसं सगळं बोलून टाकलं. "आधी आवडायचं. खूप आवडायचं, शपथ. पण आता मैत्रिणी असतात ना, आणि तू आलास की त्या गप्प होतात, आणि मग मलाच कसंतरी होतं. शरद ऋतू सुरू झाला तेव्हाच थांबणार होते मी. पण आई म्हणाली, बाबाला दुसरं कोणी नाहीये, आठवड्यातून एकदा तर खेळायचंय. म्हणून मग मी... आणि मला वाटलं होतं, नवीन भाग तुझ्याकडे चालणारच नाही. म्हणजे मग कोणी काही न बोलता आपोआपच..."

तिथे ती अडखळली.

"हं," इल्पो म्हणाला. त्याने फोन जरा लांब धरला. पोरगी त्याच्यासारखीच निघाली होती. बोलण्याऐवजी वाट बघणारी. मनातून तिने दार केव्हाच लोटून घेतलं होतं, आणि तो करवत घेऊन आत शिरत होता.

"रागावलास?"

"नाही गं. बरं केलंस सांगितलंस."

"आपण फोनवर बोलू ना. रोज बोलू."

"बोलू की."

फोनवर ते काय बोलतात, दोघांनाही ठाऊक होतं. काही वेळ दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत राहिले.

"बाबा," आमू म्हणाली, आणि तिचा आवाज घाबरा झाला होता. "तू यासाठी नवीन कार्ड नाही ना घेतलंस? पैसे घालून?"

उघड्या पेटीसमोर टेबलपंखा अजून चालू होता. इल्पोने हात लांब करून तो बंद केला.

"छे गं. एका ओळखीच्याचं आणलं होतं, बघायला म्हणून. उद्या परत देऊन टाकणार."

आमूने सुस्कारा सोडला. तो त्याला अगदी स्वच्छ ऐकू आला.

"मग बरंय," ती म्हणाली. "मला उगाच वाईट वाटलं असतं."